दुसऱ्याच्या खिडकीवरील पाटी

चंडीगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहरापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर, डेराबस्सी हे गाव लागते. पूर्वी पतियाळा जिल्ह्यात मोडणारे हे तालुक्याचे ठिकाण २००६ साली नव्याने निर्माण झालेल्या जिल्ह्यात, म्हणजे सामान्य लोक ज्यास मोहाली म्हणतात त्या जिल्ह्यात, समाविष्ट झाले. आजूबाजूस शेती आहे. परंतु रस्त्यालगत औषधांचे व रसायनांचे कारखाने बरेच उभे राहिलेले दिसतात. अशा एखाद्या कारखान्याचा नियंत्रणकक्ष वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. आपला कारखाना काल्पनिक आहे. असा कक्ष तारापूरला, अंबरनाथला किंवा पाताळगंगेच्या काठीही सापडू शकेल.

कक्षातील मेजावर संगणकाचा पडदा आहे आणि त्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडलेल्या आहेत. एकीत पहिल्या रिअ‍ॅक्टरचे तापमान व दाब दिसतो, दुसरीत दुसऱ्याचा. दोन्ही खिडक्या एकाच आज्ञावलीच्या दोन प्रती असल्यामुळे त्यांचे रंग, त्यांतील बटणे, आकड्यांची मांडणी हे सर्व तंतोतंत सारखे आहे. वरच्या पट्टीवरील शीर्षकदेखील सारखेच आहे. कारण ज्या कंपनीने ही आज्ञावली लिहिली तिने ते एकदाच कायमचे ठरवून ठेवले. आता रात्रपाळीच्या माणसाने पहाटे तीन वाजता थंड पाण्याची झडप उघडावयाची, ती कोणत्या खिडकीतून? खिडकीच्या आत खालच्या कोपऱ्यात रिअ‍ॅक्टरचा क्रमांक बारीक अक्षरांत लिहिलेला आहे. तो पाहिला तर उलगडा होतो. परंतु झोपेला आलेला माणूस कोपरे न्याहाळीत बसत नाही. तो वरची पाटी पाहतो.

आपल्याकडील एस.टी.च्या स्थानकावर हाच प्रसंग रोज घडतो. दोन तांबड्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. रंग एक, बांधणी एक, खिडक्यांचे गजही तसेच. सोलापूरची कोणती आणि बार्शीची कोणती हे केवळ पुढील काचेवरील पाटी सांगते. पाटी चुकली तर उतारूंचे सामान आणि उतारू दोन्ही भलतीकडे जातात.

कारखान्यातील एखाद्या तरुण अभियंत्याच्या मनात मग साहजिकच येते की, खिडक्यांची शीर्षके आपणच बदलून 'रिअ‍ॅक्टर १' आणि 'रिअ‍ॅक्टर २' अशी करावीत. आज्ञावलीचा मूळ मजकूर त्याच्याजवळ नाही व तो कंपनीकडून मिळण्याचा संभवही नाही. तेव्हा उरतो तो मार्ग एकच : दुसरी लहानशी मदतनीस आज्ञावली लिहावयाची आणि तिच्याकरवी पहिलीच्या खिडकीवरील नाव बाहेरून बदलावयाचे. हे करता येते काय? येते. किती सहज येते, आणि त्यानंतर काय काय निस्तरावे लागते, हा ह्या लेखाचा विषय आहे.

खिडकीस नाव का लागले

पडद्यावरील चौकटीस 'खिडकी' म्हणण्याची प्रथा अमेरिकेत सुरू झाली. डग्लस एंगलबार्ट ह्यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आपल्या संगणकप्रणालीचे जे प्रात्यक्षिक करून दाखविले, त्यात माऊस होता आणि पडद्याचे वेगवेगळे भाग करून त्यांत वेगवेगळा मजकूर दाखविण्याची सोयही होती. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ साली 'आल्टो' हा संगणक तयार झाला. तेथे ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मेजावर कागद एकमेकांवर पडून राहावेत तशा एकमेकींवर पडणाऱ्या खिडक्या योजिल्या. कागद एकमेकांवर पडले की खालचा कोणता हे कळावयास त्याच्या कडेला खूण लागते. म्हणून त्या खिडक्यांच्या माथ्यावर नावाची एक लहान पट्टी आली. तीच पुढे मॅकिंटॉशमध्ये (१९८४) आणि २० नोव्हेंबर १९८५ रोजी बाहेर पडलेल्या पहिल्या 'विंडोज'मध्ये उतरली. गंमत अशी की, त्या पहिल्या विंडोजमध्ये आज्ञावल्यांच्या खिडक्या एकमेकींवर पडतच नसत. फरशा बसवाव्यात तशा त्या शेजारी शेजारी बसत. नावाची पट्टी मात्र होती.

कालांतराने ह्या नावावर अनेकांची दृष्टी पडली. विंडोज ९५ ने पडद्याच्या तळाशी जी पट्टी आणली तीत प्रत्येक खिडकीचे नाव दिसू लागले. एका खिडकीतून दुसरीत जाताना जी यादी उमटते तीही नावांचीच. आणि ज्यांस पडदा दिसतच नाही त्यांचे काय? अंध व्यक्ती संगणक वापरतात तेव्हा पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली त्यांच्या मदतीस असते. खिडकी बदलताच ती नव्या खिडकीचे शीर्षक मोठ्याने उच्चारते. ऑस्ट्रेलियात २००६ साली आरंभ झालेली 'एनव्हीडीए' ही विनामूल्य आज्ञावली त्यांपैकीच एक असून, शीर्षक पुन्हा ऐकण्याकरिता तीत स्वतंत्र कळ ठरवून दिलेली आहे. डोळस माणसास दोन सारख्या खिडक्यांत आतील आकड्यांवरून थोडाफार भेद करता येईल. अंध माणसास 'मॉनिटर', 'मॉनिटर' असे दोनदा ऐकू आले तर तो भेद कसा करणार? शीर्षक ही शोभेची वस्तू नाही असे आम्ही म्हणतो ते ह्यामुळे.

आधी घर शोधावे

पाटी बदलावयाची तर प्रथम घर सापडावे लागते. विंडोज ही संचालनप्रणाली पडद्यावरील प्रत्येक खिडकीस एक क्रमांक देते. तंत्रज्ञ त्यास 'हँडल' म्हणतात. हा क्रमांक हाती आला म्हणजे कोणतीही आज्ञावली त्या खिडकीविषयी प्रणालीशी बोलू शकते. तो मिळविण्याचा सर्वांत प्रसिद्ध उपाय म्हणजे 'फाइंडविंडो' हे फंक्शन. त्यास खिडकीचे नाव सांगावे, ते क्रमांक आणून देते.

परंतु आपली अडचण हीच की दोन्ही खिडक्यांचे नाव एक आहे! 'फाइंडविंडो' त्यांतली एक आणून देईल; कोणती, ते आपल्या हाती नाही. नावावरून शोधणे एरवीही कच्चेच असते. पुष्कळ आज्ञावल्या उघडलेल्या कागदाचे नाव शीर्षकात घालतात; कागद बदलला की नाव बदलले आणि कालपर्यंत चालणारा शोध आज रिकाम्या हाताने परत आला.

म्हणून जाणता अभियंता उलट बाजूने चालतो. त्या दोन प्रती मूळ चालू कोण करतो? सकाळी येणारा माणूस, दोन चित्रांवर टिचकी मारून. ते काम मदतनीस आज्ञावलीकडेच द्यावे. एखादी आज्ञावली दुसरी आज्ञावली सुरू करते तेव्हा प्रणाली तिला त्या नव्या प्रक्रियेचा क्रमांक कळविते. मग पडद्यावरील सर्व खिडक्या 'एन्यूमविंडोज'करवी एकेक करून तपासावयाच्या आणि प्रत्येकीस 'तुझी मालक प्रक्रिया कोणती?' असे विचारावयाचे. क्रमांक जुळला की घर सापडले. येथे नवशिक्यांची नेहमी फसगत होते. आज्ञावली सुरू झाली म्हणजे तिची खिडकी त्याच क्षणी तयार झाली असे नव्हे. जन्मलेल्या आज्ञावलीस खिडकी काढावयास काही क्षण, कधी काही सेकंद लागतात. उतावळा मदतनीस तत्पूर्वीच शोध घेतो, त्यास काही सापडत नाही, आणि लिहिणारा आपल्या लेखनात चूक शोधीत बसतो. थोडे थांबून पुन्हा पाहणे एवढाच त्यावर उपाय आहे.

परस्पर बदलावे की मालकास सांगावे

क्रमांक मिळाल्यावर नाव बदलण्याचे दोन मार्ग आहेत, व त्यांतील भेद मोठा मनोरंजक आहे.

पहिला मार्ग 'सेटविंडोटेक्स्ट' ह्या फंक्शनचा. खिडकीच्या माथ्यावरील नाव प्रणाली स्वतःच्या दप्तरात नोंदवून ठेवते. खिडकी दुसऱ्या आज्ञावलीची असेल तर हे फंक्शन त्या दप्तरातील नोंद बदलते. मालक आज्ञावलीस कोणी विचारीत नाही. घरमालक आत निजलेला असताना बाहेर पाटी बदलून जावे तसे हे आहे. दुसरा मार्ग संदेशाचा. विंडोजमधील खिडक्यांचा सारा व्यवहार संदेशांवर चालतो : कळ दाबली, माऊस हलला, खिडकी झाकली गेली, हे सर्व संदेशरूपाने मालकाकडे जाते. 'तुझे नाव अमुक कर' असाही एक ठराविक संदेश आहे. तो पाठविला म्हणजे मालकाने तो वाचावा, हवा तर मानावा, नको तर टाकून द्यावा. प्रत्येक आज्ञावलीची स्मृती स्वतंत्र कोठडीसारखी असल्यामुळे एकीतील अक्षरांचा पत्ता दुसरीस उपयोगाचा नसतो. म्हणून संदेशाबरोबर अक्षरांची नक्कल पोहोचविण्याचे काम प्रणाली स्वतः करते.

सभ्यपणाच्या दृष्टीने दुसरा मार्ग बरा. पण मालक आज्ञावली अडकून पडली असेल तर? संदेश पाठविणारा उत्तराची वाट पाहत उभा राहतो आणि तोही अडकतो. एका आजारी आज्ञावलीपायी दुसरी निरोगी आज्ञावली बंद पडते. ह्याकरिता 'इतका वेळ वाट पाहीन, मग निघून जाईन' अशी मुदत घालून संदेश पाठविण्याची सोय केलेली आहे व ती न वापरणे हा आमच्या मते निष्काळजीपणा होय. अडकलेल्या खिडकीचे नाव प्रणाली स्वतःच बदलते, हे वाचकांनी पाहिलेही असेल. आज्ञावलीने पाच सेकंद कोणत्याही संदेशास उत्तर दिले नाही की विंडोज तिच्या जागी हुबेहूब तशीच एक छायाखिडकी उभी करते आणि शीर्षकापुढे 'नॉट रिस्पॉन्डिंग' हे शब्द जोडते. दुसऱ्याच्या पाटीवर बाहेरून लिहिण्याचे हे घरोघरी दिसणारे उदाहरण आहे.

लिहिलेले टिकत नाही

आपल्या अभियंत्याने नाव बदलले. पडद्यावर 'रिअ‍ॅक्टर १' उमटले. तो चहा घेऊन परत येतो तो पाटीवर पुन्हा जुनेच नाव! झाले असे की, आज्ञावलीने मध्यंतरी नवी नोंदवही उघडली आणि त्या वेळी आपले शीर्षक नव्याने लिहिले. तिच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नव्हते. बाहेरच्या कोणी पाटीस हात लावला होता ही गोष्ट तिच्या गावीही नव्हती.

मग मदतनिसाने पहारा करावयाचा. दर सेकंदास जाऊन पाहणे हा एक प्रकार. तो साधा आहे, पण ओबडधोबड आहे. त्यापेक्षा विंडोजकडे अशी वर्दी लावून ठेवता येते की, एखाद्या खिडकीचे नाव बदलले की मला कळवावे. ही सोय मुख्यतः अंधांसाठीच्या वाचक आज्ञावल्यांच्या उपयोगी पडते. आपणही तिचा लाभ घेऊ शकतो. मात्र येथे एक सापळा आहे. नाव बदलल्याची वर्दी आली म्हणून मदतनिसाने नाव बदलले. हा बदलही बदलच. त्याचीही वर्दी आली. म्हणून त्याने पुन्हा नाव बदलले. अशी फुगडी सुरू झाली की संगणक पुरता दमतो. हात लावण्यापूर्वी 'नाव आधीच बरोबर आहे काय?' हे पाहिले की फुगडी थांबते. एका ओळीची ही तपासणी गाळल्यामुळे पुष्कळांनी रात्री जागविल्या असतील.

अधिकाराचा प्रश्न

कोणीही कोणाच्या खिडकीस संदेश पाठवावा, ही मोकळीक १९८० च्या दशकात स्वाभाविक होती. एक माणूस, एक संगणक, आणि त्यावरील सर्व आज्ञावल्या त्या माणसाच्याच. तेथे चोरापासून कुलूप कशाला? परंतु पुढे एकाच पडद्यावर साध्या अधिकाराच्या व प्रणालीच्या पूर्ण अधिकाराच्या आज्ञावल्या शेजारी शेजारी वावरू लागल्या. ऑगस्ट २००२ मध्ये एका सुरक्षासंशोधकाने दाखवून दिले की, साध्या अधिकाराची आज्ञावली मोठ्या अधिकाराच्या खिडकीस केवळ संदेश पाठवून तिच्यावर ताबा मिळवू शकते. मजकुराच्या चौकटीस 'तुझी मर्यादा वाढव' असा एक संदेश, 'हा मजकूर चिकटव' असा दुसरा, आणि चिकटविलेल्या मजकुराचाच आज्ञा म्हणून अंमल करावयास लावणारा तिसरा. ज्या दारातून पाटी बदलण्याचा निरोप जातो त्याच दारातून हे निरोप गेले.

त्यानंतर काही दुरुस्त्या झाल्या, आणि जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी विक्रीस आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'पासून एक कायमची भिंत उभी राहिली. आता प्रत्येक प्रक्रियेस विश्वासाची पायरी ठरवून दिलेली असते आणि खालच्या पायरीवरील आज्ञावलीने वरच्या पायरीवरील खिडकीस असे संदेश पाठविले तर प्रणाली ते अडविते. आपल्या कारखान्यातील देखरेखीची आज्ञावली व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालत असेल आणि मदतनीस साध्या अधिकाराने, तर नाव बदलावयास गेल्यावर 'प्रवेश नाकारला' ह्या अर्थाचा दोषक्रमांक ५ हाती पडतो. पुष्कळ जण अशा वेळी मदतनिसासही व्यवस्थापकाचा अधिकार देऊन मोकळे होतात. एका पाटीकरिता घराच्या सर्व किल्ल्या देण्यासारखे हे आहे. आम्हास ते पसंत नाही. शक्य असेल तर देखरेखीच्या आज्ञावलीसच साध्या अधिकारावर आणावे.

विंडोजबाहेरच्या जगातही ह्या पाटीने त्रास दिलेला आहे. केवळ अक्षरे दाखविणाऱ्या टर्मिनलच्या खिडकीत काही ठराविक गुप्त अक्षरे छापली की तिचे शीर्षक बदलते. पुढे कोणी 'तुझे शीर्षक काय?' असे विचारणारी अक्षरेही ठरविली, आणि टर्मिनल त्याचे उत्तर जणू माणसानेच कळफलकावर टंकलिखित केले आहे अशा रीतीने देऊ लागले. एच. डी. मूर ह्यांनी २००३ साली ह्यातील धोका उघड केला : एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या मजकुरात आधी शीर्षक म्हणून घातक आज्ञा लिहावयाची, मग शीर्षक विचारावयाचे, वाचणाऱ्याच्या समोर ती आज्ञा आपोआप टंकलिखित होऊन उभी राहते, आणि त्याने नकळत 'एंटर' दाबले की काम फत्ते. पुढे हे उत्तर देण्याची सोय बहुतेक ठिकाणी बंद ठेवण्यात आली.

लिनक्सवर दीर्घकाळ चाललेली 'एक्स' ही खिडकीप्रणाली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत १९८४ साली निघाली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. तीत शीर्षक म्हणजे सर्वांस खुल्या असलेल्या फळ्यावरील एक नोंद होय. जोडली गेलेली कोणतीही आज्ञावली कोणत्याही खिडकीची ती नोंद पुसून नवी लिहू शकते. चौकट रंगविणारा खिडकी-व्यवस्थापक तत्काळ पाटी बदलतो. आपल्या अभियंत्यास ह्याहून सुखाची जागा नव्हती. परंतु तिचा वारसा चालविण्यासाठी २००८ साली आरंभिलेल्या 'वेलँड'ने हा फळाच काढून टाकला. तेथे प्रत्येक आज्ञावली केवळ स्वतःच्या खिडकीचे नाव सांगू शकते. दुसरीची खिडकी तिला दिसतसुद्धा नाही.

देवनागरी पाटीची कथा

आपल्या अभियंत्याने पाटी देवनागरीत लिहावयाचे ठरविले असे समजू. डेराबस्सीत ती गुरुमुखीतही असू शकेल, अडचण तीच. त्याने शीर्षकात 'डेराबस्सी' हे गावाचे नाव घातले आणि पडद्यावर उमटली नऊ प्रश्नचिन्हे.

नऊच का? वाचताना आपण डे, रा, ब, स्सी अशी चार अक्षरे मोजतो. संगणक मात्र ड, एकाराची मात्रा, र, काना, ब, स, हलन्ताचे चिन्ह, पुन्हा स आणि दीर्घ वेलांटी अशी नऊ चिन्हे मोजतो. विंडोजमध्ये शीर्षक लिहिण्याच्या फंक्शनची दोन रूपे आहेत. एक जुन्या संकेतांचे, ज्यात त्या त्या देशाच्या लिपीची कोष्टके असत; दुसरे युनिकोडचे. जुन्या रूपात देवनागरीचे कोष्टक कधी नव्हतेच. जे चिन्ह कोष्टकात नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह पडते, म्हणून नऊ चिन्हांची नऊ प्रश्नचिन्हे. युनिकोडचे रूप वापरले की नाव शुद्ध उमटते. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून जुन्या रूपासही युनिकोडचा 'यूटीएफ-८' हा संकेत वापरावयास सांगता येते. त्यात ह्या नऊ चिन्हांस २७ बाइट लागतात.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा पट्टा राखला गेला, आणि तो बेतताना भारतीय लिप्यांच्या 'इस्की' ह्या संकेताचा आधार घेतलेला होता. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' ह्या संस्थेने आपल्या 'जिस्ट' तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. तरीही मराठी छापखान्यांतून व कार्यालयांतून जे अक्षरसंच वर्षानुवर्षे चालले, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. मजकुरास तो अक्षरसंच लावला की मराठी दिसे. शीर्षकाच्या पट्टीस मात्र प्रणालीचाच अक्षरसंच असे. आत सुबक मराठी आणि वर पाटीवर रोमन अक्षरांची खिचडी, असे दृश्य त्या काळी ज्यांनी काम केले त्यांस आठवत असेल. धारिकांना इंग्रजी नावे देण्याची अनेकांची सवय तेव्हापासूनची. विंडोज २००० मध्ये प्रणालीनेच देवनागरीस आधार दिला आणि पाटीवर मराठी नाव येणे शक्य झाले.

पाटी खरी कशी ठेवावी

येथवरच्या सर्व अडचणी कौशल्याच्या आहेत. खरी अडचण निराळी आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही वाचकांस रिअ‍ॅक्टरच्या खोलीत नेले.

मदतनिसाने पहिल्या खिडकीवर 'रिअ‍ॅक्टर १' असे लिहिले आहे. दुपारी देखभालीच्या वेळी कोणी त्या आज्ञावलीच्या आत शिरून तिची जोडणी बदलली आणि तीच खिडकी आता दुसऱ्या रिअ‍ॅक्टरचे आकडे दाखवू लागली. बाहेरच्या मदतनिसास ह्याचा पत्ता नाही. तो इमानेइतबारे पहारा करीत पाटीवर 'रिअ‍ॅक्टर १' हेच नाव राखतो आहे. आधी पाटी निरुपयोगी होती; आता ती खोटी झाली, आणि खोट्या पाटीवर रात्रपाळीचा माणूस विश्वास ठेवणार. आणखी एक संकट असे की, खिडकी मिटली की तिचा क्रमांक प्रणाली पुढे दुसऱ्या एखाद्या खिडकीस देऊ शकते. जुना क्रमांक उराशी धरून बसलेला मदतनीस मग 'रिअ‍ॅक्टर १' हे नाव हिशेबाच्या कागदावर किंवा कोणाच्या पत्रावर लिहून येईल.

म्हणून नाव मनाने ठरवू नये, आतून घ्यावे. खिडकीच्या कोपऱ्यातील तो बारीक क्रमांक येथे पुन्हा उपयोगी पडतो. तो क्रमांक स्वतंत्र लहान चौकटीत लिहिलेला असेल तर मदतनीस त्या चौकटीस 'तुझ्यातील मजकूर दे' असा संदेश पाठवू शकतो. साध्या 'गेटविंडोटेक्स्ट'ने दुसऱ्याच्या चौकटीतील मजकूर मिळत नाही. ते फंक्शन प्रणालीच्या दप्तरातील नाव तेवढे वाचते. संदेश पाठविला तर मात्र चौकट स्वतः उत्तर देते. आलेले उत्तर तेवढे वर पाटीवर चढवावयाचे. जोडणी बदलली तर कोपऱ्यातील क्रमांक बदलेल, आणि तो बदलला की पाटीही बदलेल. लिहिण्यापूर्वी दर वेळी खिडकीची मालक प्रक्रिया तीच आहे ना, हेही पाहावयाचे.

क्रमांक चौकटीत नसून चित्रासारखा रंगविलेला असेल तर तो असा वाचता येत नाही. अशा वेळी आमच्या मते पाटीस हात लावू नये. कंपनीस पत्र लिहून नाव आतूनच घालून घ्यावे, मग त्यास महिना लागो की वर्ष. तोपर्यंत पडद्याच्या कडेला कागदाची पट्टी चिकटविलेली बरी. ती निदान स्वतःला संगणकाची म्हणवीत नाही.

ज्यांनी मदतनीस लिहिला आहे त्यांनी दोन गोष्टी आणखी कराव्यात. मूळ शीर्षक प्रथम टिपून ठेवावे आणि मदतनीस बंद करताना ते जागेवर परत ठेवावे. पण मदतनीस अकस्मात कोसळला तर त्यास काहीच परत ठेवता येत नाही. नाव प्रणालीच्या दप्तरात तसेच राहते आणि पहारेकरी मेला आहे हे पाटीवरून समजत नाही. ह्यासाठी नावापुढे वेळ लिहावी व ती दर मिनिटास नवी करावी : 'रिअ‍ॅक्टर २, ३:०७'. भिंतीवरील घड्याळात सव्वातीन झाले असताना पाटीवर तीन वाजून सात मिनिटेच दिसत असतील, तर रात्रपाळीच्या माणसाने वरची पाटी सोडून कोपऱ्यातील बारीक क्रमांक वाचावा.